मांजर छाप पेटी

महाडला लोक रायगडासाठी जातात, चवदार तळ्यासाठी जातात, कोर्टाच्या तारखेला जातात, आणि बाकीचे गोव्याला जाताना नुसते त्याच्या बगलेतून निघून जातात. काडेपेटीसाठी महाडला गेलेली बाई बहुधा मी एकटीच. परत आल्यापासून माझ्या शिवणक्लासातल्या मुली सारख्या विचारतात, काकू, वाटेत महाबळेश्वर बघितलं का, स्ट्रॉबेरी खाल्ली का? आश्विनात कुठली आलीय स्ट्रॉबेरी! एकेकीला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आमच्या घरात काडेपेट्यांचं वेड माझ्या यजमानांचं. नोकरी विजेच्या खात्यात आणि छंद काडेपेट्या जमवण्याचा, यावरून सांगलीत त्यांची पुष्कळ थट्टा व्हायची. जहाज, किल्ली, घोडा, कमळ, कुठल्या कुठल्या छापाच्या पेट्या ते पानपट्टीवाल्यांकडून मागून आणायचे. महाडचे शरीफभाई हे त्यांचे या वेडातले जोडीदार. शरीफभाई तरुणपणी आखातात हॉटेलात नोकरीला होते, तिथल्या हॉटेलांच्या चपट्या, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या पेट्या त्यांच्याकडे ढिगानं. दोघांची अदलाबदल टपालानं चालायची. भरलेली पेटी टपालात घेत नाहीत, म्हणून पेटी सोडवून, चपटी करून पाकिटातून धाडायची. पुढं फोन आले. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड मात्र पाहिलं नाही.

आता मुद्द्याचं. आमची एकुलती एक मुलगी अनू. बापाचं बघून तिनंही एक छाप काढला होता. लाल-काळ्या रंगाचं मांजर, त्याच्या डोक्यावर छत्री, वर ‘मांजर छाप’. बरोबर पेटीच्या मापाचा कागद, चारी बाजूंनी गुंडाळता येईल असा, काडी ओढायच्या पट्टीपुरता कापलेला. दहाव्या वर्षी ती मेंदूज्वरानं गेली, आणि तो कागदही घरातून दिसेनासा झाला. तिच्या कपड्यांबरोबर गेला असेल असं मी समजत होते. गेल्या फाल्गुनात यजमान अंथरुणाला खिळले, तेव्हा एका दुपारी म्हणाले, “ते मांजर महाडला आहे. शरीफकडे. घरात ठेवलं असतं तर तू रोज काढून बघत बसली असतीस. महाडच्या पुरातसुद्धा वाचलं. मी विचारलंय त्याला फोनवर.”

मला असा राग आला! माझ्या पोरीच्या हातचा एकच कागद, आणि तो तीस वर्षं परक्याच्या घरात! चार दिवसांनी ते गेले. भांडायलाही माणूस उरला नाही. वर्षाच्या आत तो कागद परत आणायचा एवढं मी ठरवलं.

आंबेनळी

या जमवणाऱ्या लोकांत रिकाम्या हातानं मागायला जायचं नाही अशी रीत आहे. म्हणून यजमानांच्या कपाटातल्या चांगल्या चांगल्या भरल्या पेट्या एका पिशवीत घेतल्या आणि साताऱ्याला महाडच्या गाडीत चढले. कंडक्टरनं पिशवी पायानं सरकवली, तिच्यात खुळखुळ वाजलं.

“काय आहे मावशी यात?”

“काडेपेट्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

तो बिचारा माझ्याकडं असा बघायला लागला, जशी मी गाडीच पेटवायला निघालेय. पेट्या उतरवा नाहीतर तुम्ही उतरा, म्हणाला. शेवटी स्टँडवरच्या चहावाल्याच्या पुढ्यात मी सगळ्या काड्या ओतल्या आणि रिकाम्या पेट्या घेऊन परत चढले. चहावाल्यानं फुकट चहा दिला. या चाळीस-चाळीस वर्षांच्या काड्या पेटणार नाहीत, हे त्याला सांगायचं मी मुद्दामच विसरले.

महाबळेश्वर मागं पडलं आणि आंबेनळी घाट सुरू झाला. परतीचा पाऊस दोन दिवस झोडपून गेला होता, पण आभाळ अजून उतरलेलंच. आमच्याकडं नजर टाकावी तर क्षितिजापर्यंत ऊस. इथं खिडकीतून एका बाजूला कातळ, आणि दुसऱ्या बाजूला बघवत नाही. वळणावळणावर नवा कठडा, त्याला लागून जुना तुटका कठडा. डोंगराच्या अंगावर ठिकठिकाणी तांबडे ओरखडे दिसत होते, माती खाली गेली त्या जागा. शेजारची बाई पदरात पोर घेऊन घोरत होती. रोजची वाट असली की माणूस कशालाही सरावतो. मी मात्र पोलादपूर येईपर्यंत समोरच्या सीटचा दांडा सोडला नाही.

महाड

शरीफभाई डेपोत घ्यायला आले होते. उंच, वाकलेले, पांढरी दाढी, हातात छत्री. मला बघून “वहिनी” म्हणाले. मग माझी पिशवी घेतली आणि पुढं चालू लागले.

बाजारात त्यांचं कटलरीचं दुकान. कंगवे, रिबिनी, बांगड्या, टिकल्या. वरच्या मजल्यावर घर. दुकानाचं शटर खालपासून छातीच्या वरपर्यंत गंजलेलं, त्याच्यावर एकदम चकचकीत. आसपासच्या सगळ्या शटरांचं तसंच. गावाला पाण्याची सवय आहे, सावित्री नदी काही नवी नाही, पण मोठ्या पुराच्या वर्षी ती दुकानांत गळ्यापर्यंत चढली म्हणे. महाडात कुणाशीही बोला, दुसऱ्या वाक्याला ‘पुराच्या आधी’ नाहीतर ‘पुराच्या नंतर’ असं येतंच. आपल्याकडं लग्नाच्या आधी-नंतर म्हणतात तसं.

त्या दिवशी गुरुवार. मी गुरुवारी मासे खात नाही हे यजमानांनी कधीतरी फोनवर सांगितलेलं शरीफभाईंच्या बायकोनं, भाभींनी, लक्षात ठेवलं होतं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि वालाचं बिरडं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी म्हणजे उपासाचा प्रकार वाटतो, पण बिरड्याबरोबर मी तीन खाल्ल्या. नंतर नारळाच्या दुधात बुडवलेलं सांदण. भाभी वाढत होत्या, आग्रह करत होत्या, आणि माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या.

मी रिकाम्या पेट्या बाहेर काढल्या, कंडक्टरची गंमत सांगितली. शरीफभाई हसले. एकेक पेटी उजेडाकडं धरून बघितली, जहाजाच्या पेटीवर अंगठा फिरवला आणि सगळ्या माझ्याकडं सरकवल्या. “छान आहेत. आता मी जमवत नाही, वहिनी.”

“आणि ते मांजर?”

“उद्या बघू. आज प्रवासानं दमला असाल.”

मी शिवण शिकवते. टाका उसवलेला असला की बोटाला कळतं. काहीतरी उसवलंय हे मला तेव्हाच कळलं. रात्रभर डास आणि दमट गादी, झोप कसली लागते!

सकाळी चहा पुढं ठेवून शरीफभाई खुर्चीत नीट बसले, परीक्षेला बसावं तसे.

“वहिनी, ती पेटी माझ्याकडे नाही.”

मी कप खाली ठेवला.

ते सांगत गेले. त्यांचे सगळे आल्बम खाली दुकानात होते. यजमानांनी धाडलेल्या सगळ्या चपट्या पेट्या त्यात. पेटीवरचा छाप सोडवायचा तर ती पाण्यात भिजत घालतात. सावित्रीनं सगळ्याच भिजत घातल्या. पाणी ओसरलं तेव्हा चिखलात नुसता रंगीत लगदा. वर राहिली ती एक ट्रंक, तिच्यात भरलेल्या पेट्या. आणि त्याच पेट्यांत अनूची.

“विनायकरावांनी तो कागद पाठवला तेव्हा मी तो एका नव्या पेटीवर चढवला. नुसता कागद बरा दिसेना. आमच्याकडच्या दमट हवेत पेटी टिकत नाही, म्हणून दर वर्षी पाऊस सरला, दिवाळी आली की कागद हलक्या हातानं काढायचा आणि ताज्या पेटीवर सरकवायचा. कंपनीच्या छापाला आम्ही असं करत नाही, आतली पेटी बदलली की किंमत गेली. पण ही काही कारखान्यातली नव्हती. हिला कुठला नियम?”

“मग गेली कुठं?”

“काशिनाथला दिली.”

काशिनाथ म्हणजे त्यांच्या दुकानातला माणूस, शरीफभाईंच्या मुलांच्या वयाचा, गाव पोलादपूरच्या वर डोंगरात. पाणी ओसरल्यावर तो गाळ उपसत असताना त्याच्या बहिणीच्या वाडीतून एकजण चालत निरोप घेऊन आला: मेव्हणा गेला. छातीत कळ आली, दरडींनी रस्ते बंद, दवाखाना गाठताच आला नाही. पाऊस थांबायला तयार नाही, वाडीत कोरडं काही नाही. येताना रॉकेल आणि काडेपेटी आण.

“सगळ्या बाजारात कोरडी काडी नव्हती, वहिनी. मी ट्रंक उघडली. एकेक पेटी काढतोय, काडी ओढतोय, गुल गळून पडतोय. जुन्या सगळ्या, मेलेल्या. ताज्या काड्या एकाच पेटीत होत्या. कागद तेवढा काढून ठेवावा म्हटलं, तर तो त्या दमट हवेनं चिकटलेला, ओढला तर फाटला असता. काशिनाथ दारात उभा. म्हटलं, पेटी येईल की परत. प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिली.”

त्यानंतर दोन दिवसांनी यजमानांचा फोन आला होता. शरीफभाई म्हणाले होते, सुखरूप आहे. “तेव्हा मला खरंच वाटत होतं. काशिनाथ परत आल्यावर विचारलं, म्हणाला, भणीकडं हाय. आता नवरा गेलेल्या बाईला काडेपेटी परत माग, असं कुठल्या तोंडानं सांगू? आज मागू, उद्या मागू करत राहिलो.”

भाभी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “दर दिवाळीला हे नवी पेटी आणून ठेवतात अजून.”

मला काय वाटलं ते सांगते. राग आला नाही. बहिणीच्या घरी आहे म्हणजे आहे, एवढंच मी ऐकलं. म्हटलं, चला, आत्ता जाऊ.

पोलादपूरच्या वर

महाड ते पोलादपूर रस्ता आता इतका रुंद झालाय की गाव कधी आलं कळत नाही. तिथून जीप केली. पुढं ड्रायव्हरशेजारी काशिनाथ, मागं मी आणि शरीफभाई. भात पिवळं झालेलं, कापायच्या बेतात, आणि परतीच्या पावसानं खाचरंच्या खाचरं आडवी केलेली. ओलं भात उभं करून पेंढ्या बांधणाऱ्या बाया मान वर करून बघत नव्हत्या. कुजट गोड वास सगळ्या रस्त्याला होता.

शरीफभाई काशिनाथला म्हणाले, “बहिणीला, इंदूला, आधी कळवलंस ना, आम्ही कशासाठी येतोय ते?”

“कळवलं.” त्यानं मागं वळून बघितलं नाही. मी त्याला एक-दोनदा बोलतं करायचा प्रयत्न केला, पोरंबाळं किती, शेती किती. “हायत.” “हाय थोडी.” असला घुम्या माणूस दुकानात बांगड्या कशा विकतो देव जाणे, असं मला वाटलं.

जीप ओढ्यावरच्या एका साकवापाशी थांबली. पुढं पायवाट, चढाची. शरीफभाईंचे गुडघे गेलेले, ते गाडीतच राहिले. मी आणि काशिनाथ निघालो. वाटेत एकदा मी शेवाळावरून घसरून बसले, साडी चिखलात. काशिनाथनं हात देऊन उठवलं आणि माझा हात सोडायचा विसरला.

“काकू, मालकांना मी खोटं बोललो.”

“म्हणजे?”

“इंदूच सांगंल. माझ्यानं नाय सांगवत.” आणि तो पुढं चालू लागला.

इंदूचं घर वाडीच्या टोकाला. कौलारू, अंगण स्वच्छ सारवलेलं, अर्धी वाडी कुलूपबंद. माणसं मुंबईला. इंदूचा मुलगाही तिकडंच, कुठल्याशा सोसायटीत वॉचमन. पंचेचाळिशीची किडकिडीत बाई, कपाळ मोकळं. “या बाय, बसा,” म्हणाली. काशिनाथ आत आला नाही, अंगणातल्या दगडावर पाठमोरा बसला.

चहा टाकायला इंदूनं तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं, तांदळात कोपरापर्यंत हात घातला आणि काडेपेटी बाहेर काढली. मी पुढं सरकले. पण ती साधी बाजारातली पेटी होती. दमट हवेनं सादळू नये म्हणून इकडं पेटी तांदळात पुरून ठेवतात. आमच्याकडं ती बारा महिने ओट्यावर पडलेली असते, कुणाचं लक्षही नसतं.

मी विचारलं, “इंदूबाई, ती मांजराची पेटी कुठं आहे?”

तिनं चुलीतली लाकडं सारखी केली. मग माझ्यासमोर येऊन बसली.

“बाय, समशानात नेल्याली पेटी आमच्यात माघारी घरात आणत नाय. तिथंच टाकतात, इस्तवात.”

हे मलाही ठाऊक होतं. आमच्याकडंही आणत नाहीत. मी हिंदू घरात जन्मले, नवऱ्याला पोचवलं, आणि सकाळपासून एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. शरीफभाईंना ती ठाऊक असायचं कारण नव्हतं. काशिनाथला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, आणि पेटीसाठी रोज झुरणाऱ्या मालकाला ती सांगायचा त्याला धीर झाला नव्हता.

“जाळलीत?” मी विचारलं. माझा आवाज फार वाईट निघाला असणार.

“व्हय.”

चहा उतू गेला. ती उठली नाही. मला उठून ओरडावंसं वाटत होतं. कुणावर ते मात्र कळत नव्हतं. शेवटी यजमानांवरच राग काढला, मनात. म्हटलं, बघा, कुठं नेऊन ठेवलंत माझ्या पोरीला.

इंदूच पुढं बोलू लागली. “पोरगा मुंबईत, रस्ता बंद, तो कसा येनार? वाडीत बापय गडी चार. बोलले, इंदू, तूच दे आग. बायकांनी जायाचं नसतं, पर गेले. लाकडं वली, वरनं पावूस, चौघांनी घोंगड्या धरल्यावत्या. बाकी कुनाच्या पेटीचा उजेड नाय पडला. ही पेटी हातात घेतली तर वर मांजर. छत्री धरल्यालं. मी त्या टायमाला हसले बाय. नवरा समोर आन् मी हसले. ‘ह्ये काय रं,’ काश्याला बोलले. वडली काडी, पयल्याच दमात पेटली.”

“मग?”

“मंग लोक बोलले, पेटी टाक आता आत. मी बोलले, नको, कुनीतरी पोरानं काढल्यालं हाय. थांबा. हातात धरून बसले. खाली बारीक लिवल्यालं व्हतं, चवथी शिकलेय मी, वाचता येतं. ‘काड्या पन्नास. मोजून घ्याव्यात.’”

मला ते आठवत नव्हतं. मांजर आठवत होतं, छत्री आठवत होती, हे नाही. आणि ते शब्द ऐकल्याबरोबर अनूचा आवाज ऐकू आला. दुकानातून काही आणलं की ती अशीच मोजून घ्यायची, सुट्ट्या गोळ्यासुद्धा. बोट वर करून सांगायची, मोजून घ्याव्यात.

“मंग मी मोजल्या,” इंदू म्हणाली.

“काय?”

“काड्या. चिता धरेपर्यंत करनार काय? समोर बघवत नव्हतं. पदराखाली धरून एकेक मोजली. लिवलंच व्हतं ना मोजून घ्याव्यात म्हनून. एक कमी भरली. ती मीच वडलेली. मंग टाकली. टाकताना मांजर वर ठेवलं, पालथं नाय. कुनी काढल्यालं वो?”

“माझ्या मुलीनं.”

“कुठं असते?”

मी नुसती मान हलवली. इंदूनं माझ्या चिखलानं भरलेल्या हातावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. अनूला नेलं त्या दिवशी मला उंबऱ्याच्या आत धरून ठेवलं होतं. बायका जात नसतात म्हणून. पुढं काय झालं ते यजमानांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इंदूला हे सांगितलं. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

निघताना तिनं जबरदस्तीनं नव्या भाताचे पोहे पिशवीत बांधून दिले. काशिनाथ दगडावरून उठला, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लहान मुलासारखं विचारलं, “मालकांना सांगनार का काकू?”

“सांगणार,” मी म्हटलं. “त्यांनी अजून किती दिवाळ्या वाट बघायची?”

शरीफभाई जीपच्या बाहेर, छत्री टेकून उभे होते. मी येताना दिसले तसे माझ्या हातांकडं बघायला लागले. मी साकवावरूनच सांगितलं, पेटी नाही. मग जवळ जाऊन सगळं सांगितलं, जसं इंदूनं सांगितलं तसं. चितेपाशी बसून तिनं काड्या मोजल्या, एक कमी भरली, असं म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“बरोबर आहे, वहिनी. पन्नासच होत्या. कंपनीच्या पेटीत कधी दोन कमी, कधी दोन जास्त. मी दर वर्षी मोजून भरायचो. तिनं लिहिलं होतं ना.”

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, आमच्याकडं बघितलं आणि पुन्हा बंद केली. अनू गेल्यावर तिचं ऐकणारं जगात कुणी उरलं नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.